ङो आणि नेय

“ङो म्हणजे माझं. नेय म्हणजे तुझं. नाकातून काढा, वहिनी. ङो.”

“नो.”

“नो नाही हो, ते इंग्रजी झालं. ङो,” भाऊ म्हणाले.

मालनने डाव कढईवर ठोकला आणि पुन्हा तोंड उघडलं. या खेपेला जमलं.

बाकड्यावर चहा पीत बसलेला लवू म्हणाला, “शाळेत क, ख, ग, घ, ङ घोकून घेतलं. तो ङ आज पहिल्यांदा कामाला आला बघ, आई.”

“तू गप रे. बस चुकेल तुझी.”

लवू हसत उठला. मरोळच्या कंपनीत जायला निघताना आरशापुढे हल्ली तो जरा जास्तच थांबायचा. मालनने ते पाहिलं आणि उगाचच स्टोव्हला पंप मारला.

भाऊ तांडेल वाकोल्याला मालनच्याच चाळीत, दोन दारं सोडून राहायचे. उभा जन्म बोटीवर खलाशी, त्यातला बराचसा हाँगकाँगच्या बंदरात. त्यांची चिनी भाषा भाव करायची, जेवण मागायची आणि भांडायची. पहिल्याच दिवशी मालनने बजावलं होतं, “शिव्या तेवढ्या वगळा, भाऊ. पाहुणी यायचीय.”

पाहुणी म्हणजे आयिंग. एके काळी पलीकडच्या खोलीत राहायची. नवऱ्याची लाँड्री होती. ही नवी नवरी म्हणून तिकडून आलेली, चिनीखेरीज एक शब्द येत नव्हता. दोघींचं बोलणं हातवाऱ्यांवर आणि वाटीभर साखरेवर चालायचं. मग बासष्टची लढाई लागली आणि एका दुपारी सरकारी गाडी चाळीत आली. आयिंग धावत मालनच्या दारात आली, ठेव तिच्या पदरात घातली, हात जोडले आणि गेली.

चिनी म्हटलं की पोरं दगड मारायची, असे दिवस. मालन ठेव पदराखाली झाकून कुडाळला माहेरी गेली ती सगळं निवल्यावरच परतली. “दुसऱ्याची ठेव आहे, विसरू नकोस,” एवढंच तिचा नवरा सीताराम म्हणाला होता. तो गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

आणि आता आयिंगचं पत्र आलं होतं, कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेलं. ती येणार होती, एका दुपारपुरती.

देवाच्या फळीवर, विठोबाच्या तसबिरीमागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात आयिंगची हिरव्या दगडाची बांगडी. मालनने ती कधी हातात चढवली नव्हती. आता रोज डबा पुसायची आणि परत ठेवायची.

“लवूलाच शिकवतो ना,” भाऊ एकदा म्हणाले. “तरणी जीभ. दोन दिवसांत उचलेल.”

“त्याला नको. ठेव मी घेतली, परत मीच करायची. तिला कळेल असं बोलून. हे तुझं आहे, एवढं तरी धड सांगता यायला हवं.”

“आणि नेली तिने तर?”

मालन तांदळातले खडे वेचत राहिली. “तिचीच आहे,” ती म्हणाली.

वाक्य छोटंसं होतं. नी को हाय नेय के. हे तुझं आहे. भाऊ स्वयंपाकघरातली एकेक वस्तू पुढे करायचे. डाव, पाट, खोबरं किसायची विळी. “ङो के,” मालन म्हणायची. माझं, माझं, माझं. ते चटकन जमायचं. नेय काही केल्या जिभेवर बसेना.

“काय हे वहिनी, सगळं जग तुमचंच?”

“बोलते ना. नेऽऽय...”

“ओढू नका. ही काय बुवांची ओवी आहे?”

संध्याकाळी मारुतीच्या देवळात कीर्तन असायचं. बुवांनी झांज हाती घेतली की मालन घर, दार, गुडघेदुखी सगळं विसरायची. आरतीआधी ती कधी उठली नव्हती. त्या शनिवारी उत्तररंगात अक्रुराचा रथ गोकुळात शिरला आणि मालन चपला शोधू लागली.

“अगं मावशी, निघालीस कुठे?” शेजारची क्षमा कुजबुजली. “कृष्ण मथुरेला जायचाय अजून.”

“ठाऊक आहे मला. दूध ठेवलंय गॅलरीत, मांजर येईल.”

वाटेभर ती बुवांच्याच चालीवर पुटपुटत होती. नेय, नेय, नेय.

रविवारी दुपारी टॅक्सी थांबली तेव्हा मालनने लवूला नारळ आणायला पिटाळलं होतं, घरात दोन नारळ असताना.

आयिंगचे केस पांढरे झाले होते. ती उंबऱ्याशी उभी राहिली.

“छिंग छो,” मालन म्हणाली. बस. मग सगळं बळ एकवटून, “सिक् चो फान् मेय?” जेवलीस का?

आयिंगने तोंडावर हात ठेवला. हसली, डोळे पुसले आणि भराभरा कितीतरी बोलली. मालनला त्यातलं अक्षर कळलं नाही. भाऊंनी नुसते प्रश्नच शिकवले होते.

मालनने फळीवरून डबा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. “नी को हाय नेय के.” कुठेही न अडखळता, भाऊंनी पाठ थोपटली असती असं.

आयिंगने झाकण उघडलं. बांगडी पाहिली, झाकण लावलं आणि डबा हळूच बाजूला सारला. मग दाराकडे बघत राहिली.

दाराबाहेर चपला वाजल्या. लवू नारळ घेऊन आत आला आणि जागच्या जागी थांबला. मालनने त्याचा दंड धरून त्याला आयिंगसमोर उभं केलं. तेच रुंद कपाळ, तीच वर आलेली गालफडं, तेच पापण्यांत बुडालेले डोळे. आरशात रोज दिसणारा चेहरा लवूकडे बघत होता.

“नी को हाय...” मालनने सुरुवात केली आणि ऐनवेळी जीभ घसरली. “ङो के.”

आयिंगने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग मालनचा हात उचलून तिने लवूच्या डोक्यावर ठेवला आणि भाऊ म्हणायचे तसं, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, “नेय के.”