जेवलीस का?

“अख्ख्या गावातल्या बायका खोटं बोलतात, की तू?” गाइड सरांनी माझे कागद टेबलावर आपटले. शेतात राबणाऱ्या बायकांच्या रक्तातली साखर जेवल्यावर किती वाढते, हा माझ्या फिजिऑलॉजीच्या पीएचडीचा विषय. फॉर्मवरचा पहिला प्रश्न सरांनीच घातलेला: ‘जेवलात का?’ आमच्या बीबी गावातल्या सगळ्या बायांनी ‘हो’ सांगितलं, आणि निम्म्याजणींची साखर उपाशी माणसासारखी निघाली. “घरी बसून आकडे भरलेस. गाशा गुंडाळ आणि जा परत कापूस वेचायला!” एवढं बोलून सरांनी डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि सवयीनं विचारलं, “जेवलीस का?” “हो सर,” मी म्हणाले, आणि स्वतःच चपापले. पहाटेच्या एसटीनं निघाले होते, पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं. मी पिशवीतून साखर मोजायचं मशीन काढलं, त्यांच्या डब्याशेजारी ठेवलं आणि स्वतःच्या बोटाला सुई टोचली. अडुसष्ट, उपाशी पोटाचा आकडा. मग माझं शहरी मराठी सुटलंच. “आता बोला सर, मी खोटी का हे मशीन खोटं? आमच्याकडं उपाशी बाईबी ‘हाव, जेवली’ असंच म्हणते. नाही म्हटलं तं इचारणाऱ्याले ताट वाढा लागते!” सरांनी आधी आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डब्याला झाकण लावून माझे कागद पुन्हा पुढ्यात ओढले.