पोरीचं गाव

"ताई, फोनमध्ये बघून नुसतं गावाचं नाव सांगा," अंगणवाडीच्या दारात उभा राहून संपत म्हणाला. "पोरगी माझीच आहे ना?"

शेवंताताईंना फोन उघडायचीही गरज नव्हती. त्याचा रोजचा मार सोसून थकलेली त्याची बायको सारिका तीन महिन्यांपूर्वी चार वर्षांच्या ईश्वरीला घेऊन निघून गेली, तेव्हा सरकारी ॲपमध्ये मुलीच्या नव्या अंगणवाडीची नोंद त्यांनीच केली होती, पत्त्यासकट.

"मुलगी तुमची आहे. पण ही माहिती तिच्या लसी आणि आहारासाठी घेतलेली आहे. ती मी कुणालाही देणार नाही."

"वर तक्रार करीन. नोकरी जाईल तुमची."

"खुशाल करा."

तो गेल्यावर मात्र मुलांना खिचडी वाढताना त्यांचं लक्ष सारखं दाराकडे जात होतं.

चौथ्या दिवशी पर्यवेक्षिका गाडेकरमॅडम अचानक येऊन थडकल्या. आता नोकरी गेलीच, असं धरून शेवंताताईंनी खुर्ची पुढे केली.

"तो संपत काल तक्रार घेऊन माझ्याकडे आला होता," मॅडम म्हणाल्या. "वाटलं, नोकरीच्या भीतीनं तुम्ही गाव सांगून बसाल. म्हणून तातडीनं आले."

"मी नाही सांगितलं, मॅडम."

"मग झकास!" मॅडम खुर्चीत टेकल्या आणि स्वतःच्या फोनवर ईश्वरीची नोंद उघडून त्यांनी पुढे धरली. नव्या गावात पोरीचं वजन किलोभर वाढलं होतं.

"अगं बाई, जेवायला लागली की पोर!" शेवंताताई म्हणाल्या आणि डोळे पुसत चहाचं आधण ठेवायला उठल्या.