पंपाच्या विहिरीचं परमिट

मामांनी परमिटाचं पुस्तक साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

मामा म्हणजे साइटवरचे फोरमन. म्हणायला सगळ्यांचेच मामा, पण सकाळी ज्या फिटरला पंपाच्या विहिरीतून वर काढलं, त्याचे मात्र सख्खे. सांडपाणी शुद्ध करायचं हे केंद्र पंधरा दिवसांत चालू करून द्यायचं होतं, आणि नेमका एक पंप अडून बसला होता. भाचा तो बघायला उतरला. खाली साठलेल्या वायूनं त्याला ओरडायलाही वेळ दिला नाही.

विहिरीतली हवा तपासल्यावरच आत उतरायची परवानगी देणारं ते पान साहेबांनी उघडलं. तारीख आजची. ऑक्सिजन वीस पूर्णांक नऊ दशांश टक्के, विषारी वायू शून्य. खाली त्यांचीच ऐटबाज सही.

सही सोमवारची होती. बैठकांच्या धबडग्यात विहिरीपर्यंत यायला साहेबांना फुरसत कुठली! आठवड्याभराच्या कोऱ्या परमिटांवर ते सोमवारीच सह्या ठोकून मोकळे व्हायचे. तीन वर्षं बिनबोभाट चाललं होतं. बिघडेपर्यंत कुणाचंच काही बिघडत नाही म्हणा.

"आकडे कुणी लिहिले?"

"मी," मामा म्हणाले. "वायू मोजायचं यंत्र महिनाभर बंद आहे. मी आपला रोज तेच आकडे लिहितो. आज त्यानं विचारलं, मामा, तपासलंय ना? म्हटलं, अरे, साहेबांची सही आहे, उतर बिनधास्त."

तेवढ्यात मुख्य कार्यालयातून फोन आला. "परमिट होतं का?" पहिलाच प्रश्न. मेला कोण, हे कुणी विचारलंच नाही.

साहेबांनी मनात हिशेब मांडला. खरं बोललं तर नोकरी गेलीच, वर तुरुंगाची पायरी. त्यांनी पुस्तक मिटून खणात सरकवलं.

"नव्हतं," ते म्हणाले. "न विचारता उतरला तो."

मेलेल्यावर ढकलणं सगळ्यात सोपं. तो काय उठून भांडणार आहे थोडाच!

फोन ठेवून त्यांनी भीतभीत वर पाहिलं. त्यांना वाटलं, आता मामा गळा धरणार. धरला असता तर बरंच वाटलं असतं.

"म्हणजे मीपण सुटलो," मामा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मग एवढं करा, साहेब. माझ्या बहिणीला अजून काही माहीत नाही. आत्ता जे सांगितलंत, तेच तिला सांगा. माझी जीभ नाही उचलायची."

त्यांनी आपल्या मोबाइलवर नंबर लावून तो साहेबांच्या हातात दिला. पहिल्याच घंटेला पलीकडून उचलला गेला.

"दादा, पोरगा सकाळपासून फोन घेत नाहीये रे. अजून खालीच आहे का तो?"