मोकळी जागा

"नकाशात मोकळी दाखवलेली जागा मोकळी नाही. तिथे आमचं पोट वाळत घातलेलं असतं."

पालिकेच्या नेत्रा मॅडमनी नव्या रस्त्यावरच्या हरकतीचा अर्ज माइकवर वाचला आणि अंधेरीतल्या त्या शाळेच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. सही जानकीची होती, अक्षर कमळचं. दोघी तिसऱ्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या होत्या. कमळ कोळीवाड्यामागच्या पंचशील चाळीत राहायची, बालवाडीतून निवृत्त झालेली. जानकीचा गेल्या तीस वर्षांतला एकूण एक सरकारी कागद तिनेच लिहिला होता. लिहून झालं की ती वाचून दाखवायची, "बरोबर आहे का सांग" म्हणायची आणि मग जानकी सही करायची.

गेल्या वर्षी जाळ्यांच्या गोदामाला आग लागली, तेव्हा बंब आत शिरलाच नाही. म्हणून रस्ता होणार होता. रस्ता जानकीलाही हवाच होता, फक्त बोंबील सुकवायच्या तिच्या खळ्यावरून नको होता.

"हरकत मान्य," मॅडम म्हणाल्या.

जानकी भांडायच्या तयारीने आली होती.

"यंदा रेष ऑफिस ओढणार नाही. तुम्ही ओढायची," मॅडमनी हिरवा मार्कर पुढे केला. "एका बाजूला खाडी आहे, दुसऱ्या बाजूला सोसायटीची भिंत. रस्ता मधल्या पट्ट्यातूनच जाईल. कुठून, ते सांगा. या मावशी."

मॅडम तरुण होत्या आणि मनापासून बोलत होत्या. सरकारी माणसाच्या तोंडून असलं काही ऐकायची कुणालाच सवय नव्हती, त्यामुळे लोक सावरून बसले. कमळने जानकीला कोपराने ढोसलं. "जा गं. इतकी वर्षं ओरडतेस ना, ऐकत नाहीत म्हणून."

भिंतीवर दाराएवढा नकाशा लावला होता. जानकीने जन्मात नकाशा वाचला नव्हता. लाल रेष दिसली, ती आपल्या खळ्यावरून जाते एवढं तिला कळलं.

"हे बाजूचं पांढरं काय?"

"नकाशात तिथे काही नाही. मोकळी जागा."

जानकीने मार्कर सुरीसारखा घट्ट धरला आणि पांढऱ्यातून खालपर्यंत रेष ओढली. जरा वाकडी आली, पण आली. हॉल उठून उभा राहिला. कुणीतरी शिट्टी मारली. तिचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा सरकारच्या कागदावर सहीपलीकडे तिच्या हातचं काही उमटलं होतं, अख्खा रस्ता.

"सूचना नोंदली," मॅडम म्हणाल्या. "आजच वेबसाइटवर टाकू. सगळं उघड."

टाळ्या थांबल्या तरी कमळ उभीच होती. चष्मा नाकावर सारत ती नकाशाजवळ आली आणि बोट ठेवून खाडीपासून एकेक वळण मोजत गेली.

"मॅडम, ही पांढरी जागा म्हणजे आमची पंचशील चाळ. बावीस घरं आहेत. माझं तिसरं."

मॅडमनी नकाशाचा खालचा कोपरा वाचला. त्यांचा चेहरा उतरला. "नकाशा जुना आहे. चाळ यात... घेतलेलीच नाही."

त्या तिसऱ्या घरात जानकी हजारदा चहा प्यायली होती. तिचा नवरा समुद्रात गेला तेव्हा तेरा दिवस तिची दोन्ही पोरं त्याच घरात जेवली होती.

"पुसा! पुसा ती रेष! मला काय ठावं, मॅडम? कमळ, माझ्या ध्यानातच नाय आलं गो!" पदराने ती नकाशा घासायला लागली. मार्कर पक्का होता. पदर तेवढा हिरवा झाला.

"मावशी, पुसू नका," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "सूचना मागे घेता येते. माइकवर फक्त 'मागे घेते' म्हणा. मग रेष पहिल्या जागी जाईल."

"पयल्या जागी म्हंजे?"

"तुमच्या खळ्यावरून."

माइक तिच्या तोंडासमोर आला. दोनच शब्द होते. जानकीने तोंड उघडलं. खळ्यातले बांबू दिसले, बोंबील उलटवणारी सून दिसली, आणि तिने तोंड मिटलं. आपण गप्प आहोत यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. बाजारात चार माणसांना भारी पडणारी जानकी, आणि कमळच्या घरासाठी तिला दोन शब्द बोलता येत नव्हते.

कमळ थांबली. तिने जानकीकडे पाहिलंसुद्धा, रागाने नाही, वाट बघावी तसं.

मग टेबलावरचा हरकतीचा कोरा फॉर्म तिने ओढला आणि उभ्या उभ्याच लिहायला घेतलं. 'कोणाच्या सूचनेवर हरकत' या रकान्यात जानकीचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, पत्ता, सगळं न विचारता भरलं. तिला ते पाठच होतं.

लिहून झाल्यावर तिने चष्मा सारखा केला आणि कागद जानकीसमोर धरला.

"वाचून दाखवते, ऐक. 'नकाशात मोकळी दाखवलेली जागा मोकळी नाही.' पहिलं वाक्य तुझंच ठेवलंय," कमळ म्हणाली. "बरोबर आहे का सांग."