काळा कागद

ओट्यावर काळा प्लॅस्टिकचा कागद दिसला. त्यावर थालीपीठ थापलं आणि नादात कागदासकटच तापल्या तव्यावर टाकलं.

"आजी, तो माझ्या प्रयोगाचा तुकडा होता. शेवटचा." नात मटकन खाली बसली. आधीचे सगळे तापवताच आकसले होते, म्हणून हा तापवायला ती धजत नव्हती.

मी उलथन्याने कागद उचलला. तो जसाच्या तसा होता.

"यात घातलंयस तरी काय?"

"काजळी. अगदी बारीक."

मला काही उमगेना. माहेरी कंदिलाच्या काचेवरची काजळी मी रोज घासून काढायचे. जळून उरते ती काजळी, ती कागद कसा वाचवते?

नात मात्र रडता रडता हसत होती. "थालीपीठ खाऊ नकोस," ती म्हणाली, "आणि गॅस बंद करू नकोस. तवा किती तापलाय ते मोजायचंय."