विम्याबाहेरच्या बायका

“आधीपासूनचा काही आजार?” साईनाथने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो ‘नाही’ लिहायला लागला.

“थांबा,” हिराबाई म्हणाली.

टोकावड्याच्या समाजमंदिरात बचत गटाच्या वीस बायका जमल्या होत्या. दोन हजार चार साल. भाताची झोडणी उरकली होती, चार पैसे हातात होते. गटाची अध्यक्ष म्हणून हिराबाईनेच मुरबाडला खेटे घालून विम्याच्या या माणसाला गावात आणलं होतं. सगळ्यांचा मिळून एक विमा, म्हणून हप्ता परवडणारा. पण विसात एकही नाव कमी चालणार नाही, ही कंपनीची अट.

खेटे घालायला तिचं स्वतःचं कारणही होतं. लहानपणीच्या एका तापाने तिच्या काळजाची झडप आवळत गेली होती. लावणीत चार वाफे झाले की धाप लागायची आणि ती मशेरीच्या निमित्ताने बांधावर बसायची. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की शिरेतून फुगा घालून झडप उघडता येईल, पण तो फुगा विकत आणावा लागेल. त्याची किंमत ऐकल्यावर नवरा महिपत घरी येईपर्यंत बोटांवर भाताची पोती मोजत राहिला होता. एकटीचा विमा काढायला गेली तर कुणी तिप्पट हप्ता सांगितला, कुणी सरळ हात जोडले. गटाच्या विम्यात तरी आपण खपून जाऊ, असं तिला वाटलं होतं.

तिला काहीतरी आजार आहे हे ओळखून साईनाथ वाकून हळू आवाजात समजावू लागला. खरं लिहिलं तर ताईंचं नाव कटेल. नाव कटलं की वीस भरणार नाहीत, मग सगळ्यांचाच विमा अडेल. सगळे ‘नाही’च लिहितात. दोन वर्षांनी कोण उकरायला येतंय?

नुसती मान हलवायची होती. हिराबाई कागदाकडे बघत राहिली. गटाच्या हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे झाला तर सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, हा नियम तिनेच घातला होता. आणि उद्या आपलं खोटं उघडं पडलं तर बाकीच्यांच्या खऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?

ती उठली आणि साईनाथकडे नाही, बायकांकडे तोंड करून बोलली.

“माज्या काळजाची झडप खराब हाय. तीन सालं झाली. मी कुनाला बोलली नाय. भाऊ, हाय तसा लिवा.”

साईनाथने पेनाला टोपण लावलं. आपल्यापायी सगळ्यांचा विमा गेला, या विचाराने हिराबाईला मान वर करवेना.

तेवढ्यात मागून धोंडूबाई बोलली. भाताचं पोतं एकटीने पाठीवर घेणारी बाई ती. तिने सांगितलं की तिला साखर आहे. गोळ्या ती पिठाच्या डब्यात लपवते, सुनेला कळलं तर ती भात बंद करेल म्हणून. मग भिमी उभी राहिली. तिला फिट यायची. माहेरच्यांनी लग्नात लपवलं होतं, तेव्हापासून तीही लपवत आली होती. एकीला दमा निघाला, एकीला रक्तदाब. बघता बघता निम्मी बैठक उभी राहिली. वर्षानुवर्षं शेजारी शेजारी चिखलात वाकून लावणी केलेल्या बायका एकमेकींकडे नव्याने बघत होत्या. कुणाला तरी हसू फुटलं, मग ते आवरेचना.

साईनाथ म्हणाला, धडधाकट नावं तो शेजारच्या गावातल्या गटाला जोडून देईल. त्यात पहिलं नाव बारकीचं होतं, गटातल्या सगळ्यांत तरण्या पोरीचं. बारकीने त्याच्यापुढे ठेवलेला आपला हप्ता उचलला आणि हिराबाईच्या हातात दिला.

“हे आपल्या गटातच ठेव गो मावशी. जिला गरज पडल तिला दे.”

विमा निघाला नाही. हप्त्यांच्या पैशांची गटात वेगळी पेटी झाली, दर महिन्याला प्रत्येकीने तीत भर घालायची ठरली. पैसे आजार बघून द्यायचे, अध्यक्ष बघून नाही, असंही हिराबाईने ठरवून घेतलं. आधी भिमीच्या गोळ्या सुरू झाल्या. धोंडूबाई तपासणीला मुरबाडला जाऊ लागली, तीही सुनेला सोबत घेऊन. पेटीची बातमी पसरली तसे आसपासचे दोन गट तीत सामील झाले. दुसऱ्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी आता थांबू नका म्हणून बजावलं, तेव्हा पेटी हिराबाईसाठी उघडली आणि फुगा आला. पैसे कुठून आणले, असं दवाखान्यात कुणी विचारलं की महिपत साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगायचा, “आमच्या बायकोच्या गटाने दिले.”

त्या पावसाळ्यात हिराबाई माळशेजच्या अंगाला असलेल्या चढावरच्या नाचणीच्या वावरात एका दमात चढून गेली. वर पोचल्यावर उगाच मागे वळून तिने सगळा चढ बघून घेतला.

दिवाळीनंतरच्या बैठकीला साईनाथ आला आणि दाराजवळच बसला. नवीन योजना घेऊन आला असेल म्हणून हिराबाईने त्याला आधीच सांगून टाकलं की इथे आता विमा कुणाला नको. तो म्हणाला, विकायला आलो नाही. मग त्याने आपलंच सांगितलं. लहानपणापासून त्याला साखर होती, रोज इंजेक्शन घ्यावं लागायचं. कंपनीच्या डॉक्टरला ते ठाऊक होतं. अर्ध्या तालुक्याला विमा विकला, पण त्याचा स्वतःचा कधी निघाला नाही.

“ताई,” त्याने विचारलं, “तुमच्या पेटीत पुरुषमाणूस चालतो का?”