एक पाट कमी

ज्या पाटावर रामघाटचे वैदिक जेवायला बसत, त्या पाटाला निळ्या रबरी चपला ठोकलेल्या होत्या. चपलांत यज्ञेश्वर गुरुजींच्या मुलीचे पाय होते. पाय निसटू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबने करकचून बांधले होते, आणि हे सगळं गंगेच्या पैलतीरावर, रेतीच्या कड्यावर उभं होतं.

गुरुजी नावेतून उतरले ते थेट हे बघायलाच. आज माघी गणेशजयंतीचं जेवण. सकाळी पाट मांडताना एक कमी भरला. पाटाबरोबर मुलगीही घरात नाही म्हटल्यावर तिच्या आईनं, गीताबाईंनी, दोन्हींचा तपास गुरुजींवर सोपवला होता.

"ईशानी! उतर त्याच्यावरून!"

"उतरतेच आहे, बाबा," ईशानी म्हणाली आणि तिनं कड्यावरून उडी मारली.

हवेत ती गर्रकन फिरली, म्हणजे जवळजवळ फिरली, आणि खालच्या भुसभुशीत रेतीत कुशीवर आदळली. पाट वर, ती खाली.

"बिटिया सबेरे से गिर रही है, गुरुजी," नावाडी रामलखन नावेतूनच म्हणाला. "अब तो बालू भी थक गया."

गुरुजी रेती तुडवत तिच्यापाशी गेले. "बर्फावरून घसरायला शिकतेस म्हणाली होतीस. घसरायला हवेत कशाला जावं लागतं?"

"घसरणं झालं की गेल्या वर्षी शिकून." ईशानीनं तोंडातली रेती थुंकली. "यंदा गुलमर्गला स्नोबोर्डिंगची निवड आहे. बोर्डसकट हवेत पूर्ण गिरकी घ्यायची आणि पायांवर उतरायचं. बाकीच्या दोन-दोन घेतात. माझी एक, तीपण पाऊण होते. आणि उद्या गाडी आहे."

"पाऊण चालत नाही?"

"नाही ना."

हे गुरुजींना पटलं. त्यांच्याकडेही पाऊण ऋचा चालत नसे.

"पण पाट कशाला?"

"बोर्ड तिकडे भाड्यानं मिळतो. इथे कुठून आणू? हा सागवानी आहे, मोडत नाही."

"देवदत्तशास्त्र्यांचा पाट आहे तो."

"त्यांना दुसरा द्या. त्यांना थोडीच उडी मारायची आहे?"

देवदत्तशास्त्र्यांचा देह मोठा होता. त्यांना हवेत कल्पून पाहण्याचा मोह गुरुजींनी निग्रहानं आवरला. तेवढ्यात ईशानी दोन्ही पायांनी टुणटुण उड्या मारत बाजूच्या उतारावरून पुन्हा कड्यावर पोचली होती. उडी, गिरकी, पाऊण, रेती.

गुरुजींना आता खरं तर रागावायचं होतं. पण जन्मभर चुका पकडण्यात गेलेल्या माणसाला रागाआधी चूकच दिसते.

"थांब. उडी मारल्यावर पायांकडे काय बघतेस?"

"पाट सरळ आहे का, बघायला नको?"

"ट्यूबनं बांधलायस ना? मग तो कुठे जातोय?"

ईशानी टुणटुणत पुन्हा कड्यावर गेली. गुरुजीही धोतराचा सोगा खोचून तिच्यामागून चढले. हा दोष त्यांच्या ओळखीचा होता. नव्या विद्यार्थ्याचे डोळे पोथीत पडतात आणि पाठोपाठ आवाजही पडतो. त्यावर एकच इलाज. संथा देताना गुरुजी पोराचं डोकं हातात धरत. स्वर खाली तर मान खाली, स्वर वर तर मान वर. मान गेली की आवाज मुकाट्यानं मागून जातो.

मुलींच्या माना धरायची पद्धत नव्हती. लहानपणी ईशानी दाराशी बसून बघायची आणि स्वतःची मान स्वतःच हलवायची. आत कुणाच्या लक्षात येत नसे. गुरुजींच्या येत असे.

त्यांनी तिच्या रेतीनं भरलेल्या डोक्यावर हात ठेवला आणि ते सावकाश डाव्या खांद्यावरून मागे वळवलं.

"आधी मान. मग खांदा. पाय येतील आपोआप, त्यांना दुसरीकडे कुठे जायचंय?"

"एवढी मागे?"

"आणखी. जिथे उतरायचं ती रेती पुन्हा दिसेपर्यंत. मधे थांबायचं नाही."

ईशानीनं उडी मारली. पूर्ण फिरली, आणि धप्पकन बसली.

"झाली! बाबा, पूर्ण झाली!"

"झाली काय? बसलीस. पुन्हा."

"पोरांवरपण असंच ओरडता तुम्ही?"

"पोरं इतकं पडत नाहीत."

ती हसत, ठेचकाळत वर आली. या खेपेला तिनं गुडघे वाकवले, हात मागे घेतले आणि वळून वडिलांकडे पाहिलं. गुरुजींनी कड्यावरच उभ्याउभ्या मान डावीकडे वळवून दाखवली, अगदी संथा देताना वळवत तशी. त्याच वेळी त्यांच्या बंडीच्या खिशात फोन वाजला.

"कुठे आहात हो?" पलीकडून गीताबाई. "मंडळी आलीत. देवदत्तशास्त्री हात धुऊन उभे आहेत. पाट मिळाला का?"

पाट तेव्हा हवेत होता. मान केव्हाच पुढे निघून गेली होती आणि खांदा तिच्या मागे लागला होता. जिथे रोज पाऊण संपायचं, ती जागा मागे पडली होती. रामलखन नावेत उभा राहिला होता.

"देवदत्तशास्त्र्यांना माझा पाट दे," गुरुजी म्हणाले. "हा अजून खाली यायचाय."